डावा कोपरा

डॉक्टरांनी आईचा फोटो मागितला तेव्हा बाबा चक्क हसले. आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांचे फोटो काढून घर चालवलं, त्याच्याकडे बायकोचा फोटो मागायचा, यात हसण्यासारखं होतंच. "किती हवेत?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर हसल्या नाहीत. "एकच," त्या म्हणाल्या. "पण नीट."

आईच्या जबड्यात डाव्या बाजूला गाठ होती. गालावरची सूज येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायची, पण गाठ आतल्या आत हाडातून सरकत हनुवटीपर्यंत पोचलीय, हे स्कॅन केल्यावर कळलं. तेवढं हाड काढायचं आणि पायातलं हाड घेऊन त्याचा नवा जबडा घडवायचा, असं ठरलं होतं. "खाणं-बोलणं मी स्कॅनवरून बघते," डॉक्टर म्हणाल्या, "पण स्कॅनमध्ये दिसतो तो गाठीनं ढकललेला जबडा. मूळचा कसा होता ते मला फोटोवरूनच कळणार. आजाराआधीचा, समोरून काढलेला, स्पष्ट फोटो आणा. हाडाला आकार त्यावरून द्यायचाय, आणि एकदा दिला की तो जन्मभराचा."

"म्हणजे आरशात मीच दिसले पाहिजे," आई म्हणाली. तिला तेवढंच विचारायचं होतं.

मरणाची भीती आईने एकदाही बोलून दाखवली नव्हती. पण अलीकडे ती आरशात बघत नसे, तोंड धुतानाही डोळे मिटून घ्यायची. बरी होऊन घरी यायचं आणि उरलेलं आयुष्य कुणा परक्या बाईचा चेहरा घेऊन काढायचं, याचीच तिला धास्ती होती. हे तिने मला स्वयंपाकघरात नळ सोडून हळूच सांगितलं होतं, बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून.

घरी येऊन आम्ही फोटो शोधायला बसलो आणि थोड्याच वेळात बाबांचं हसू मावळलं.

स्टुडिओ खाली, आम्ही वर. लग्नकार्यांची बाहेरची कामं मी करते, स्टुडिओतली बाबा. बाबांचा सगळा जीव एका झूम लेन्समध्ये. हातात घेतली की मनगट भरून येतं एवढी जड, आणि पुढची काच चांगली वाटीएवढी. साधी झूम लांबचं जवळ ओढायला लागली की अंधारते. ही जवळचं काढा की लांबचं, उजेड तेवढाच आत घेते. तिचं तोंड पूर्ण उघडं ठेवलं की जिथे फोकस धराल तेवढं धारदार आणि बाकीचं सगळं विरघळून जातं. बाबा ते तोंड कधी बारीक करतच नाहीत. "मागचं लोणी झालं पाहिजे," हे त्यांचं ब्रीद. गिऱ्हाइकांनाही ते आवडतं. माणूस पुढे उठून दिसतो आणि मागचा पसारा, भिंतीवरचे पोपडे, न बोलावता आलेले नातेवाईक सगळे रंगांचे मऊ गोळे होऊन जातात.

आता कळलं की त्या लोण्यात आमची आई होती. माझ्या लहानपणीच्या फोटोंमध्ये मी पापण्यांसकट धारदार, आणि मागे एक उभा निळा डाग. "ही आई," बाबा म्हणाले. पुढच्या फोटोत डाग हिरवा. "ही पण आई." मी सायकलवर, मागे पिवळा गोळा. अंगातल्या कपड्यांच्या रंगावरून तो फोटो कुठल्या वर्षीचा ते बाबा सांगू शकत होते. त्या गोळ्याला नाक आहे की नाही हे मात्र कुणालाच सांगता आलं नसतं.

"हिला कधी पुढे का नाही उभं केलंत?" मी चिडून विचारलं.

"पुढे तू असायचीस ना," बाबा म्हणाले. ते खरंच होतं, त्यामुळे मी आणखी चिडले.

ओळखपत्रावरचा फोटो होता, पण तो नखाएवढा, आणि त्यातली बाई कुणीही असू शकली असती. नातेवाइकांच्या फोनमध्ये आई होती. फोन समोर आला रे आला की ती तोंडावर हात घ्यायची. तिला सगळे लाजरी म्हणायचे. आम्हीही म्हणायचो.

मग बाबांना चाचणीचे फोटो आठवले आणि त्यांच्या जिवात जीव आला.

नवी लेन्स आली, किंवा जुनी दुरुस्त होऊन आली, की बाबा ती आधी स्टुडिओतल्या विटांच्या भिंतीसमोर तपासतात. फोटोच्या मधोमध सगळ्याच लेन्सा गुणी असतात. त्यांचं पितळ उघडं पडतं ते कोपऱ्यात. तिथे काळ्या रेघेला जांभळी कड येते, उजेडाच्या ठिपक्याला शेपूट फुटतं, सरळ रेघ कडेकडे ओढली जाते. म्हणून मधे विटा आणि कोपऱ्यात आई. चेहऱ्यावर जे कळतं ते विटांवर कळत नाही, असं बाबांचं मत. "कोपऱ्यात जा गं," म्हटलं की ती हातातलं काम ठेवून जायची. कोपरा कायम डावा, कारण दार त्या बाजूला. गिऱ्हाईक आलंच तर तिला पटकन सटकता यायचं. उजव्या कोपऱ्यात टोपी घातलेला एक लाकडी स्टँड असायचा. त्याला कुठे जायचं नव्हतं.

असे फोटो ढिगाने निघाले. वर्षानुवर्षांची आई. समोर बघणारी, न हसणारी, तोंडावर हात नाही, सूज नाही. फक्त कोपऱ्यात. चेहरा थोडा काळवंडलेला, केसांना जांभळी कड, आणि हनुवटी फोटोच्या कडेकडे किंचित ओढलेली.

"बघ," बाबा मला म्हणाले. "ओढतेच. मी सांगत होतो."

बाबांचं हे जुनं दुखणं होतं. त्यांच्या हातात आलेली प्रत्येक लेन्स डाव्या कोपऱ्यात ओढत असे. दुरुस्तीच्या दुकानात ते भांडून यायचे. तिथला म्हातारा कारागीर यंत्रावर लेन्स लावून दाखवायचा, काचा कशा अगदी मधोमध बसल्यात ते समजावून सांगायचा. बाबा ऐकून घ्यायचे आणि घरी येऊन म्हणायचे, "आजकाल डावा कोपरा कुणी मनापासून करतच नाही." ही लाडकी झूम तर त्यांनी दोनदा उघडायला लावली होती. दुकानात बाबांचं नावच पडलं होतं 'डावा कोपरा'. मी काही कामाला गेले की आतून आवाज यायचा, "डाव्या कोपऱ्याची मुलगी आलीय."

तर बाबांनी एक फोटो निवडला, याच झूमने जवळ ओढून काढलेला, आणि दुपारभर कॉम्प्युटरला चिकटून बसले. काळवंडलेला भाग उजळला. केसांची जांभळी कड पुसली. शेवटी कोपऱ्याने ओढलेली हनुवटी हळूहळू मागे ढकलत बरोब्बर नाकाखाली आणून ठेवली. मी मागे उभी राहून बघत होते. आई कोपऱ्यातून निघून आमच्या समोर येऊन बसल्यासारखी वाटली. फार सुंदर दिसत होती. कुठेतरी काहीतरी खटकलं, पण मला वाटलं, आपल्याला तिला तरुण बघायची सवय राहिलेली नाही, म्हणून असेल.

"लेन्सनं घेतलेलं लेन्सकडून परत घेतलं," बाबा म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात समाधान होतं. आई वर औषध घेऊन झोपली होती. तिला उठवण्यात अर्थ नव्हता. बाबांनी फोटो परस्पर डॉक्टरांना पाठवून दिला.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. स्क्रीनवर त्यांनी नव्या जबड्याचा आराखडा तयार ठेवला होता, आणि शेजारी तो फोटो. त्यांनी स्क्रीन आईकडे वळवला.

आई वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "छान आहे. कोण आहे ही?"

बाबांना वाटलं ती थट्टा करतेय. "अगं, तूच."

"नाही हो." ती रागावलेली नव्हती. सुजेमुळे तिचे शब्द जड यायचे, ती एकेक शब्द सावकाश ठेवत होती. "माझी हनुवटी वाकडी आहे. उजवीकडे गेलेली. लहानपणी जिन्यावरून पडले, हाड मोडलं आणि जुळताना वाकडं जुळलं. ही बाई सरळ आहे."

आईची उजवी बाजू म्हणजे फोटोतली डावी. डाव्या कोपऱ्यात ओढणाऱ्या बाबांच्या सगळ्या लेन्सा मला एकदम आठवल्या. मी बाबांकडे बघितलं नाही.

डॉक्टरांनी स्कॅन उघडला. "जुना जोड दिसतो इथं," त्या म्हणाल्या. "पण फोटोत हनुवटी सरळ होती, म्हणून हा सगळा तिरकेपणा मी गाठीच्या खात्यात टाकला." त्यांनी आईकडे बघितलं. "खरं सांगू का, सरळ करून हवी असेल तर ही संधी आहे. बरेचजण आनंदानं घेतील. तो जोड तर तसाही निघणारच आहे."

बाबा आईकडे बघत होते.

"ह्यांचं काही अडणार नाही," आई म्हणाली. "ह्यांना कळणारही नाही. पण रोज सकाळी आरशासमोर दात मला घासायचेत. मला माझी वाकडीच हवी."

"मग मूळ फोटो पाठवा, काहीही न सुधारलेला," डॉक्टर बाबांना म्हणाल्या. "आणि त्यात वाकडेपणा लेन्सचा किती आणि ह्यांचा किती, ते मला नक्की सांगा. अंदाजानं नको. उद्या सकाळपर्यंत."

बाबांनी मान हलवली.

आम्ही घरी आलो. आई जिना न चढता स्टुडिओतल्याच स्टुलावर बसली. बाबा तिच्यासमोर उभे राहिले, हातात अजून गाडीची किल्ली.

"सांगितलं का नाहीस कधी?"

"काय सांगायचं? मला वाटलं, नवऱ्याला माहीत असतं."

"मी लेन्स परत पाठवत होतो. तुझ्या समोर पाठवत होतो."

"पहिल्यांदा पाठवलीत तेव्हा मला हसूच आलं," आई म्हणाली. "म्हटलं, दोन दिवसांत डोक्यात प्रकाश पडेल. दुसऱ्यांदा ही झूम उघडायला पाठवलीत, तेव्हा नाही आलं हसू. तुम्ही माझा फोटो केवढा मोठा करून बघायचात. नाक स्क्रीनला टेकवून. माझ्या एकेका केसाची जांभळी कड दिसायची तुम्हाला. मी शेजारी चहा घेऊन उभी असायचे. वाटायचं, आता बघतील. मग वाटणंच बंद झालं."

बाबांनी किल्ली टेबलावर ठेवली. ती कुठे ठेवायची हेही त्यांना सुचत नसावं, कारण त्यांनी ती पुन्हा उचलून खिशात घातली. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्याच वेळी त्यांना जवळ घ्यावंसं वाटत होतं. मी यातलं काहीच केलं नाही. मला काम दिसत होतं.

"बाबा, लेन्स काढा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"भिंत तीच आहे. लेन्स तीच आहे. कॅमेऱ्याचा स्टँड ठेवायच्या खुणा जमिनीवर आहेत. आई जिथं उभी राहायची तिथं चौकटींचा कागद लावू. कागद तर जिन्यावरून पडलेला नाही ना? त्याच्या रेघा जेवढ्या ओढल्या जातील तेवढं लेन्सचं. उरेल ते आईचं."

बाबा हलले. काम म्हटलं की त्यांचे हात डोक्याच्या आधी चालू लागतात. आम्ही जाड पुठ्ठ्यावर चौकटींचा कागद ताणून चिकटवला आणि भिंतीच्या डाव्या टोकाला, आईच्या तोंडाच्या उंचीवर टांगला. उंची बघायला आईला उभं करावं लागलं. "कोपऱ्यात जा गं," असं बाबांच्या तोंडून सवयीने निघालं आणि ते गप्प झाले. आई उठून गेली, पुठ्ठा बरोबर लागल्याचं बघितलं आणि परत येऊन बसली. जुन्या फोटोत एका विटेचा टवका उडालेला दिसत होता. ती वीट जिथे होती तिथेच दिसेपर्यंत बाबा कॅमेरा केसभर इकडे, केसभर तिकडे करत राहिले. झूम तेवढीच जवळ ओढली. लेन्सचं तोंड पूर्ण उघडं.

फोटो स्क्रीनवर आला. बाबांनी तो मोठा केला. कोपरा काळवंडलेला होता. रेघांना जांभळी कड होती. चौकटी थोड्या भुरकट होत्या. बाबांनी कागदाच्या एका रेघेवर कॉम्प्युटरवरची सरळ रेघ टाकली आणि वरपासून खालपर्यंत बघत गेले. मग शेजारच्या रेघेवर टाकली. मग तिच्या शेजारच्या. मग लेन्स काढून पुन्हा बसवली आणि दुसरा फोटो घेतला. त्यांना काय सापडायला हवं होतं, मला सांगता येणार नाही. लेन्स दोषी निघाली असती तर निदान थोडंफार तरी तिच्यावर ढकलता आलं असतं.

"किती?" मी विचारलं.

"दोऱ्याएवढं पण नाही." त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि पुन्हा घातला. मग त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. मला वाटलं होतं ते मला बोलायला लावतील. "मूळ फोटो पाठवतोय," ते म्हणाले. "त्यात लेन्सचं काही नाही. सगळं हिचं आहे. जसं आहे तसंच करा." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "हो, तपासलं," ते म्हणाले. "आज तपासलं."

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "आता त्या दुरुस्तीवाल्याची माफी मागा बाई आधी. बिचाऱ्यानं दोनदा उघडून बंद केली."

"मागतो," बाबा म्हणाले. ते खरंच मागणार होते, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

मी फोटो पाठवायला बसले. मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला. बाबा दुसरं स्टूल ओढून आईसमोर बसले होते, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ, आणि तिच्या तोंडाकडे बघत होते. हातात काही नव्हतं. आईने नेहमीप्रमाणे तोंडाकडे हात नेला, पण अर्ध्यावरून खाली घेतला आणि बघू दिलं.

सूज गालावरून खाली उतरून गळ्यापर्यंत आली होती. हनुवटी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, ते आता समजत नव्हतं.

"दिसत नाहीये," बाबा म्हणाले. "मला आता दिसत नाहीये गं."

"आता कुठून दिसणार?" आई म्हणाली. तिने त्यांचा हात घेतला आणि अंगठा आपल्या हनुवटीखाली, जरा उजवीकडे, नेऊन टेकवला. तिथे हाड जुळताना राहिलेला एक छोटा उंचवटा होता. तो मलाही ठाऊक नव्हता. बाबांचा अंगठा त्याच्यावरून गेला, मागे आला आणि थांबला.

"हळू," ती म्हणाली. "दुखतं."

त्यांनी झटकन हात काढून घेतला. आईने तो पुन्हा धरला आणि होता तिथेच नेऊन ठेवला.

"परवा हे जाणार आहे," ती म्हणाली. "नीट बघून घ्या."